दिव्यांचे मोठे गोळे हवेत? आधी चार पावलं पुढे ये

प्रश्न डिचोलीच्या एका कॉलेजातल्या मुलीचा आहे. तिच्याकडे कॅनन १५००डी कॅमेरा आहे आणि त्यासोबत आलेल्या दोन लेन्स, १८-५५ आणि ५५-२५०. पणजीला मांडवीच्या काठावर मैत्रिणीला उभं करून तिने पन्नासेक फोटो काढले. मागे कॅसिनोच्या बोटी, पुलाचे दिवे, सगळं झगमगत होतं, तिला त्या दिव्यांचे मोठे धूसर गोळे हवे होते, पण फोटोत नुसते ठिपके आले. जे जरा मोठे आले ते पांढरेफटक. तिचं म्हणणं: "५० मिमी एफ/१.८ घेतली की होईल का? आणि ते हार्टच्या आकाराचे दिवे कॅमेऱ्यातच येतात की नंतर कॉम्प्युटरवर चिकटवतात?"

मी फोंड्याचा. लग्नाच्या ऑर्डरी आणि देवळांचे उत्सव, हेच काम गेली चोवीस वर्षं. तुझ्याहून वयाने बराच मोठा, म्हणून 'तू' म्हणतो.

पन्नासची लेन्स घे, वाईट नाही. पण त्या दिवशी तुझ्याकडे ती असती तरी तू जिथे उभी होतीस तिथून फारसा फरक पडला नसता. तू पाठवलेल्या फोटोत मैत्रीण डोक्यापासून चपलेपर्यंत आहे. चूक तिथे आहे, लेन्समध्ये नाही.

आधी शब्दाचं उरकून घेऊ. ह्या प्रकाराला 'बोके' म्हणतात. मूळ जपानी शब्द, अर्थ धूसरपणा. इंग्रजी वाचक तो भलताच उच्चारतील म्हणून १९९७ साली माइक जॉन्स्टन नावाच्या अमेरिकन संपादकाने स्पेलिंगच्या शेवटी 'एच' जोडला. मराठीत मात्र त्याची पंचाईत झाली. माझ्याकडे कामाला असलेल्या पोराने पहिल्यांदा घरी सांगितलं, "आज पणजीला बोके काढायला चाललोय," तर त्याची आई म्हणाली, "आपल्या घरामागचे कमी पडले काय?" तेव्हापासून आम्ही दुकानात 'गोळे'च म्हणतो. इथेही तेच म्हणतो.

आता गोळा केवढा येणार हे कशावर ठरतं ते बघ. लोक एफ-नंबरवर, म्हणजे त्या एफ/१.८, एफ/५.६ वर, अडकून बसतात. खरं गणित सोपं आहे. लेन्सच्या छिद्राचा व्यास काढायचा, म्हणजे फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) भागिले एफ-नंबर. ५० भागिले १.८ म्हणजे २८ मिलिमीटर. दिवा खूप लांब असेल, नदीपलीकडच्या बेतीच्या दिव्यांसारखा, तर त्याचा गोळा तुझ्या मैत्रिणीच्या चेहऱ्याच्या जागी पट्टी धरून मोजलास तर बरोबर त्या छिद्राएवढा भरतो. २८ मिलिमीटर. मैत्रीण जवळ असो की लांब, तिच्या अंगाच्या मापात गोळा २८ मिलिमीटरच. आपल्या पाच रुपयाच्या नाण्याहून जरासा मोठा. म्हणजे फोटोत दिसतं ते असं, की तिच्या मागे त्या मापाची चमकती नाणी टांगली आहेत. तू तिचा नुसता चेहरा घेतलास तर ती नाणी मोठी दिसणार. पायापर्यंत घेतलीस तर नाण्याचा तीळ होणार.

तुझा हिशोब करू. १८-५५ वर तू ३५ मिमीच्या आसपास होतीस, एफ/५. छिद्र ७ मिलिमीटर. उभ्या फ्रेममध्ये वरून खालपर्यंत साधारण २२०० मिलिमीटरचा देखावा मावला. तुझ्या कॅमेऱ्याच्या फोटोची लांब बाजू ६००० पिक्सेल. सात मिलिमीटरचा गोळा त्यात १९ पिक्सेलचा आला. एकोणीस! त्याला ठिपका नाही तर काय म्हणणार? तेवढ्याच देखाव्याला पन्नासची लेन्स असती तर ७६ झाले असते. बरं, पण मोठा गोळा नव्हेच.

आता तीच मैत्रीण, तीच १८-५५. पूर्ण ५५ वर ने, एफ/५.६. छिद्र जेमतेम १० मिलिमीटर. तिच्या हातात एक पणती दे आणि पणतीच्या अगदी जवळ जा. ही लेन्स सेन्सरपासून पाव मीटरवर फोकस करते. तेवढ्या जवळ गेलीस की फ्रेममध्ये साडेसहा सेंटिमीटर रुंदीचाच तुकडा मावतो आणि त्यात १० मिलिमीटरचा गोळा म्हणजे फ्रेमचा जवळजवळ सातवा हिस्सा. काही विकत न घेता. विश्वास नसेल तर आज रात्री गॅलरीत कर. समोरच्या बिल्डिंगचे दिवे मागे घे, पुढे अंगठा धर आणि अंगठ्यावर फोकस कर. मग तसंच अंगठा लांब नेत नेत पाच-सहा फोटो काढ. गोळा आणि अंगठा ह्यांचं प्रमाण बदलणार नाही. दोघंही सोबतच लहान होत जातील. हा एक प्रयोग केलास की पुढचं सगळं आपोआप समजतं.

तुझ्या ५५-२५० बद्दल तर तू काही विचारलंच नाहीस, आणि नेमकी तीच कामाची आहे. २५० भागिले ५.६ म्हणजे जवळजवळ ४५ मिलिमीटर. पन्नास एफ/१.८ च्या दीडपटीहून मोठं छिद्र! लोक एफ/५.६ बघून नाक मुरडतात आणि ती लेन्स पक्ष्यांसाठी म्हणून बॅगेत ठेवून देतात. डोक्यापासून छातीपर्यंतचा फोटो घे, म्हणजे फ्रेमची लांब बाजू साधारण ६० सेंटिमीटर. १८-५५ वर गोळा फ्रेमचा एकसष्टावा हिस्सा, पन्नासवर एकविसावा, २५० वर तेरावा.

मग पन्नास घ्यायचीच कशाला? जागेसाठी.

वरचं गणित लांबच्या दिव्यांचं. दिवा जवळ असला की गोळा आक्रसतो. किती, ते असं काढायचं: दिव्यापासून विषयापर्यंतचं (इथे मैत्रिणीपर्यंतचं) अंतर भागिले दिव्यापासून कॅमेऱ्यापर्यंतचं अंतर. छिद्राचा तेवढाच हिस्सा तुला मिळतो. छातीपर्यंतच्या फोटोला पन्नासवर तू मैत्रिणीपासून दीड मीटरच्या आत असतेस, २५० वर पावणेसात मीटर मागे. दिवे तिच्यामागे चार मीटरवर असतील तर पन्नासला २८ मधले २१ मिलिमीटर मिळतात आणि २५० ला ४५ मधले फक्त १६ ते १७. साडेसात मीटरच्या आसपास दोघी बरोबरीत. त्याच्या पुढे २५० जिंकत जाते.

म्हणून पणजीतच दोन वेगळ्या जागा आहेत. फोंताइन्हासच्या गल्लीत, जिथे एका घराची बाल्कनी समोरच्या बाल्कनीशी बोलते, तिथे डिसेंबरात नाताळच्या माळा लागतात. त्या पाठीमागे चार-पाच मीटरवर, आणि तुला मागे सरकायला जागाच नाही. तिथे पन्नास. दयानंद बांदोडकर मार्गावर नदीच्या कडेला मात्र मागे अख्खी मांडवी मोकळी. बेती, रेईश मागूसचा किल्ला, पूर्वेला पूल आणि २०१९ मध्ये सुरू झालेला अटल सेतू. सगळं शेकडो मीटर लांब. तिथे तू १८-५५ लावून उभी होतीस आणि २५० बॅगेत होती! फुटपाथवर सात मीटर मागे जायचं, मैत्रिणीला कठड्याजवळ उभं करायचं, बस्स. मधून माणसं जातील. जाऊ देत, थांबायचं.

२५० चा आणखी एक गुण. मागचे दिवे ती एकमेकांपासून फाकवून दाखवते. पन्नासवर कॅसिनोची आख्खी बोट येते, तिच्या शेकडो दिव्यांचे गोळे एकमेकांवर चढतात आणि लापशी होते. २५० वर बोटीचा एक कोपराच येतो, मोजून पंधरा-वीस गोळे, सुटे सुटे. मला ते सुटे आवडतात.

आता पांढरेफटक गोळ्यांचं. इथे एक मजा आहे. ती मला कळायला दहा वर्षं लागली, आणि पुस्तकातून कळली नाही, एका रिसेप्शनला उजेड जमेना तेव्हा कळली. अपर्चर, म्हणजे लेन्सचं ते छिद्र, उघडलंस की दिव्याचा प्रकाश जास्त आत येतो, हे बरोबर. पण गोळाही त्याच पटीत मोठा होतो आणि तो जादा प्रकाश जादा जागेवर पसरतो. भाकरीचं पीठ दुप्पट घेऊन भाकरीही दुप्पट थापली तर जाडी तीच राहते ना, तसं. त्यामुळे अपर्चर बदलून गोळ्याची उजळी बदलत नाही. ती बदलते शटरने (किती वेळ प्रकाश घ्यायचा) आणि आयएसओने (कॅमेऱ्याने तो किती उजळवायचा). चेहऱ्याचं तसं नाही. चेहरा अपर्चरनेही बदलतो. म्हणजे तुझ्या हातात दोन वेगळे कान आहेत पिळायला. दिवे पांढरे झाले तर शटर वेगवान कर किंवा आयएसओ कमी कर, लाल-निळा रंग परत येईपर्यंत. त्यात चेहरा काळवंडला तर अपर्चर उघड. ते आधीच पूर्ण उघडं असेल तर चेहऱ्यावर थोडा उजेड दे.

तुझ्या कॅमेऱ्याने काय केलं असणार? ऑटोवर होता. अंधारातला चेहरा बघून त्याने आयएसओ वर चढवला आणि दिवे जाळून टाकले. मॅन्युअलवर टाक. १/५०, आयएसओ ८०० पासून सुरू कर आणि आधी नुसते दिवे जमव, मैत्रिणीला नंतर बोलव. चेहऱ्याला कॅमेऱ्यावरचा फ्लॅश वापरायचा तर पॉवर कमी कर आणि त्यावर टिश्यू पेपरची एक घडी धर. नाहीतर दुसऱ्या मैत्रिणीला मोबाइलचा टॉर्च पांढऱ्या वहीच्या पानावर मारायला सांग आणि ते पान चेहऱ्याच्या बाजूने धर. मी अजूनही पुष्कळदा वहीच वापरतो. लग्नात आहेराची यादी लिहायची वही असतेच कुणाच्या तरी हातात.

१/५० का, तर आपल्या विजेसाठी. आपल्याकडे ५० हर्ट्झचा करंट. त्यावरचे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात. स्वस्तातल्या काही एलईडी माळा तर पन्नासच वेळा. डोळ्याला दिसत नाही, पण १/२५० वर फोटो काढलास तर माळेतले काही दिवे विझलेले असतात नेमक्या त्याच क्षणी शटर उघडून मिटलेलं असतं. चवथीला गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधतात, तिच्याभोवतीच्या माळेचे सलग दहा फोटो काढ आणि बघ, प्रत्येकात वेगळे दिवे गायब. एका गिऱ्हाइकाने मला "माळ खराब होती हो आमची?" असं कसनुसं होऊन विचारलं होतं. माळ ठीक होती, मी घाई केली होती. १/५० किंवा त्याहून सावकाश शटर ठेवलं की दिव्याचं पूर्ण चक्र त्यात बसतं. २५० वर १/५० हातात धरवणार नाही असं वाटेल, पण त्या लेन्सला थरथर कमी करायची सोय आहे. कोपर कठड्याला टेकव, मैत्रिणीला श्वास धरायला सांग, पाचातला एक नक्की बरा येतो. गोळे हलले तरी कळत नाही. डोळे हलले की कळतं.

वेळ कुठली? पूर्ण काळोख होण्याआधीची. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी आभाळ गडद निळं असतं आणि दिवे लागलेले असतात. रात्री नऊला गोळ्यांमागे नुसती काजळी मिळते.

सगळेच दिवे गोळे होत नाहीत, हेही लक्षात ठेव. दिवा स्वतः गोळ्यापेक्षा लहान दिसला पाहिजे. माळेतला मणी, लांबचा खांबावरचा दिवा, पणतीची ज्योत, पाण्यावरची चमक, हे चालतात. ट्यूबलाइटचा फराटा होतो. चार मीटरवर टांगलेल्या मोठ्या आकाशकंदिलाचा मऊ ढग होतो, कडा येत नाही. तो ढगही सुंदर असतो, पण तू मागतेस ती वस्तू ती नव्हे. आणि वीज गेली असेल, पाऊस पडत असेल तर घरातच स्वयंपाकघरातला चांदीचा कागद चुरगळून पुन्हा पसर, दोन मीटर मागे ठेव आणि त्यावर बाजूने टॉर्च मार. प्रत्येक सुरकुतीचा एक गोळा. दिवसा हवे असतील तर कुळागरात जा. पोफळींच्या शेंड्यांतून आभाळाची जी भोकं दिसतात त्यांचे गोळे होतात. मात्र तिथे ते इतके असतात की डोळे दुखतात.

गोळ्यांच्या आकाराबद्दल थोडक्यात. अपर्चर पूर्ण उघडं असेल तर गोल. मिटवत नेलंस की आतल्या पात्यांचे कोपरे दिसू लागतात. जुन्या कॅनन ५० मिमी एफ/१.८ टू मध्ये पाच पाती, त्यामुळे पंचकोन. नव्या एसटीएममध्ये सात, तीही गोलसर. घेशील तर नवीच घे. फ्रेमच्या कडेला गोळे चपटे होऊन लिंबाच्या फोडीसारखे दिसतात. लेन्सच्या नळीची कड प्रकाश कापते म्हणून. त्यांना मांजराचे डोळे म्हणतात, म्हणजे शेवटी बोके सुटत नाहीतच. गोळ्यात कांद्यासारखी वलयं दिसली तर ती साच्यात घडवलेल्या काचेच्या भिंगाची खूण. हेलिओस ४४-२ ही जुनी रशियन लेन्स घेऊन गोळ्यांचा भोवरा करणारेही आहेत. माझ्याकडे ती आहे. वर्षातून एकदा बाहेर काढतो, दोन दिवस कौतुक वाटतं आणि परत ठेवतो.

पण आपल्या हवेत गोळ्यांचा खरा वैरी वेगळाच आहे.

एका वर्षी तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मोठा रिसेप्शन होता, नदीकाठच्या एका लॉनवर. माझी ८५ मिमी एफ/१.८ पावसाळाभर कपाटात पडून होती, तिच्या छानशा चामडी पिशवीत. लॉनवर झाडांना माळा गुंडाळलेल्या, मला वाटलं आज चांदी. आठवड्याने अल्बमसाठी फोटो निवडायला नवरीची बहीण दुकानात आली. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "काका, ह्या गोळ्यांत केस कसले?" मी चष्मा लावला. प्रत्येक गोळ्यात, अगदी प्रत्येक, त्याच जागी कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू. बुरशी. लेन्सच्या आत उगवलेली. चेहरे स्वच्छ होते, नेहमीच्या फोटोत काहीच कळलं नसतं. पण गोळा म्हणजे लेन्सच्या छिद्राचीच सावली. आत जे असेल ते त्यात दिसणार. धुळीचा कण असला तर काळा ठिपका, पुढच्या काचेवर मिरामारची खारट फवार असली तर चंद्रावरचे डाग, आणि बुरशी असली तर केस. चारशे फोटो होते. निवडक साठ मी रात्री बसून एकेक गोळा करत साफ केले, बाकीचे तसेच दिले आणि अल्बमच्या बिलातून काही रक्कम आपणहून कमी केली. लेन्स साफ करून घेतली, पण बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला होता, त्याचे व्रण आजही आहेत.

तेव्हापासून चामडी पिशवी बंद. प्लास्टिकचा घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी पडले की त्यांनी पाणी प्यायलं असं समजायचं आणि तापवून पुन्हा निळे करायचे. दर पंधरा दिवसांनी लेन्स बाहेर काढून अर्धा तास तरी वापरायची. तपासणीलाही गोळाच उपयोगी: लांबचा एखादा खांबावरचा दिवा पूर्ण फोकसबाहेर ने आणि गोळ्यात काय दिसतं ते बघ. जुनी लेन्स विकत घेताना मी विकणाऱ्यासमोर हेच करतो. काहीजणांचा चेहरा पडतो. आणि हो, एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नकोस, काच घामेजते. बॅगेत बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं जाऊ दे.

आता तुझे हार्ट. कॅमेऱ्यातच येतात, काही चिकटवावं लागत नाही. आत्ताच म्हटलं ना, गोळा ही छिद्राची सावली. छिद्राचा आकार बदलला की सावली बदलली. काळा जाड कार्डपेपर घे, लेन्सच्या तोंडाएवढा गोल काप, मधोमध हार्ट काप आणि लेन्सच्या पुढे बसव. लोकांचं इथे दोन ठिकाणी चुकतं. एक म्हणजे माप. पन्नास एफ/१.८ चं छिद्र २८ मिलिमीटर. तुझं हार्ट त्याहून मोठं असेल तर काहीच होणार नाही, गोळे गोलच येतील. १५ ते १८ मिलिमीटर ठेव. २५० वर ४५ चं छिद्र आहे, तिथे २५ चंही चालेल. १८-५५ वर हा उद्योग करू नकोस. दहा मिलिमीटरच्या आत हार्ट कापायला सोनाराची नजर लागेल, आणि एवढं करून ते गोळे लहान. दुसरं, अपर्चर पूर्ण उघडंच ठेवायचं, कारण आता छिद्राचं काम कागद करतो. प्रकाश दोनेक स्टॉप कमी होतो, म्हणजे साधारण पावपटच उरतो, त्याची तयारी ठेव. ऑटोफोकस कुरकुरेल. आधी फोकस करून घे, तो मॅन्युअलवर टाक आणि मग कागद लाव.

आकार काहीही कापता येतो, पण मराठी अक्षर कापायला जाशील तर फसशील. मी एका मुंजीसाठी 'ॐ' कापला होता. पोकळ भाग गळून पडले आणि जे उरलं ते कुणालाच ओळखता येईना. मुंजमुलगा म्हणाला, "कोळंबी." चांदणी, पान, मासा, चंद्रकोर हे बरे. बारीक टोकं टाळ.

एक गंमत मुद्दाम करून बघ. हार्ट सरळ लावलंस तर मागचे दिवे सरळ हार्ट दाखवतात. पण विषयाच्या पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला दिवा असेल तर त्याचं हार्ट उलटं येतं, टोक वर. मागच्या दिव्याची किरणं सेन्सरच्या आधीच एकमेकांना ओलांडतात, पुढच्याची ओलांडायच्या आतच सेन्सरवर आदळतात, म्हणून. तुझ्या घराजवळच ह्याची उत्तम जागा आहे. त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीजवळ विठ्ठलापूरला वाळवंटीच्या काठावर जा. नदीत दिवे सोडतात, रोषणाईच्या होड्या असतात. पायरीवर खाली बस, मधल्या एखाद्या दिव्यावर फोकस कर. मागच्या दिव्यांची हार्टं सरळ, पुढच्यांची उलटी, आणि उलटी हार्टं पिंपळाच्या कोवळ्या पानांसारखी दिसतात. माझ्या त्या फोटोत कडेला कुणाचा तरी मोबाइल घुसला आहे, तरी तो मी मोडीत काढलेला नाही.

मोबाइलचा विषय निघालाच आहे तर: पोर्ट्रेट मोडमधले गोळे बहुतांशी हिशोबाने रंगवलेले असतात. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचं खरं छिद्र चार मिलिमीटरच्या आसपास, मग मोठा गोळा येणार कुठून? तो रंगवताना केसांच्या कडा, चष्म्याची दांडी, कानातले डूल हमखास चुकतात. गजऱ्याची फुलं तर अर्धी धूसर, अर्धी स्पष्ट. घाईत चालतं. पण खरे गोळे मोबाइलवरही मिळतात. दहा सेंटिमीटरवर फूल धर, मागे लांबचे दिवे घे आणि पोर्ट्रेट मोड बंद कर.

शेवटी एक माझं मत, पटलं तर घे. गोळ्यांचा नाद लागला की पहिले सहा महिने सगळे फोटो सारखेच येतात. चेहरा आणि मागे रंगीत फुगे. तो फोटो पणजीचा, दुबईचा की फोंड्याच्या बाजारातला हे कळत नाही. मी हल्ली एक खोड लावून घेतली आहे. गोळ्यांतून निदान एक गोष्ट ओळखू येईल एवढीच धूसर करतो. मंगेशीला उत्सवात दीपस्तंभ पणत्यांनी उजळतो तेव्हा अपर्चर पूर्ण उघडलं तर नुसती सोनेरी रास येते. एफ/४ पर्यंत मिटवलं की गोळे लहान होतात, पण एकावर एक मजले वेगळे कळतात आणि दीपस्तंभ दीपस्तंभ राहतो. पुढे तेलाची बुधली घेतलेला हात, त्यावर फोकस. दिवाळीत नरकासुराचे पुतळे करतात त्या रात्रीही तसंच. बांबू वळणाऱ्या पोराचा चेहरा पुढे आणि मागे नरकासुराचे दोन लाल डोळे, एवढेच दोन गोळे. दोनशेपेक्षा ते दोन जास्त बोलतात. देवळात मात्र कॅमेरा काढण्याआधी विचारून घे. गाभाऱ्याकडे तर वळवूच नकोस.

तर पुढच्या वेळी पणजीला जाशील तेव्हा १८-५५ घरी ठेव. २५० घेऊन जा, सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास पोच, मैत्रिणीला कठड्यापाशी उभी कर आणि तू सात मीटर मागे हो. मनासारखे चार फोटो निघाले तर पन्नासच्या लेन्सचे पैसे फोंताइन्हासच्या माळा लागेपर्यंत साठव. आणि फोटो पाठवशील तेव्हा मूळ फाइल पाठव, व्हॉट्सअॅपवरून दाबून आलेली नको, त्यात गोळ्यांच्या कडांची चाळणी होते.